साडेआठचा पाऊस

नमिता भोईर जुईनगरच्या त्या झेरॉक्सच्या दुकानात तोंड लपवून उभी होती. तसं लपवण्यासारखं काही नव्हतं. स्वतःच्याच प्रमाणपत्रांच्या प्रती काढायला आली होती बिचारी. पण सोळा वर्षं रोज संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी जी बाई टीव्हीवरून महाराष्ट्राला छत्री घ्या की नका घेऊ ते सांगते, तिच्या हातात नोकरीचा अर्ज दिसला तर सोसायटीत चर्चा व्हायला किती वेळ लागतो? म्हणून कोपरखैरण्याचं घराजवळचं दुकान सोडून ती रविवारी सकाळी इतक्या लांब आली होती. मेकअप नाही, साडी नाही, केस क्लिपमध्ये कसेबसे कोंबलेले आणि डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. निघताना आरशात पाहिलं तर तिची तिलाच ओळख पटली नव्हती.

दुकानात गर्दी होती. दुकानदारानं घाईघाईत एक गठ्ठा तिच्या हातात कोंबला. तिनं वरचं पान पाहिलं. ती प्रमाणपत्रं नव्हती. हातानं आखलेला तक्ता होता. तारीख. नमिता भोईर यांचा अंदाज. पडलेला पाऊस, मिलिमीटर.

आणि अक्षर तेच! किंचित डावीकडे झुकलेलं, प्रत्येक सातच्या आकड्याच्या पोटात एक आडवी रेघ. हे अक्षर तिनं दहाच दिवसांपूर्वी चॅनलचे संपादक कुलदीप सर यांच्या हातात पाहिलं होतं.

"अहो, ते... माझं आहे," मागून आवाज आला.

ती वळली. चाळिशीच्या आसपासचा माणूस. एक बाही भिजलेली, पँट घोट्यापर्यंत दुमडलेली, काखेत ठिबकणारी छत्री. चेहऱ्यावर संकोच होता, आणि त्याच्याच शेजारी एक बारीकसं हसू.

"तुमचं?" नमितानं गठ्ठा सोडला नाही.

"म्हणजे, अक्षर माझं. पाऊस काय, सगळ्यांचाच."

"आणि ही नमिता भोईर कोण?"

तो तिच्याकडे पाहत राहिला... गरजेपेक्षा जरा जास्तच. मग म्हणाला, "टीव्हीवर असतात. हवामान सांगतात. तुम्ही बघत नाही?"

"मी बातम्या बघत नाही. टेन्शन येतं."

"बघत जा. छान सांगतात."

"इतकं छान सांगतात, मग बाईंच्या चुका कशाला लिहून ठेवता?"

"चुका?" त्याच्या भुवया खरोखरच वर गेल्या. काय बेमालूम नाटक करतो हा माणूस, असं नमिताच्या मनात आलं. "चुका नाहीत हो... मी चंद्रशेखर फडतरे. सारसोळ्याला राहतो, तिथल्याच शाळेत भूगोल शिकवतो. शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक आहे आमचं. आणि तुम्ही?"

"उन्नती," ती म्हणाली. चुलत बहिणीचं नाव ऐनवेळी कामाला आलं. मनात मात्र चक्रं फिरू लागली होती. सारसोळ्याची शाळा ही तिचीच शाळा. वडील तुर्भ्याच्या कारखान्यात होते तेव्हा ते सगळे नेरूळला राहायचे. त्या शाळेतून ती दहावी झाली, मग भौतिकशास्त्र, मग पुण्याला जाऊन हवामानशास्त्र. आता तिच्याच शाळेतून कोणीतरी तिच्या मुळावर उठलं होतं. हा योगायोग असेल, यावर तिचा काडीचा विश्वास बसला नाही.

विश्वास न ठेवणं हा तिचा धंदाच होता म्हणा ना. ढग दिसला की हा खरंच पडणार का, आणि दिसला नाही की कुठं दडलाय, एवढंच करत सोळा वर्षं गेली होती. माणसांच्या बाबतीतही तीच सवय लागली. कोणी कौतुक केलं तर याला काय हवंय, आणि गप्प बसलं तर याच्या मनात काय आहे! या हिशेबात दोन चांगली स्थळं हातची गेली होती.

या वेळी मात्र संशयाला जागा होती. कुलदीप सरांनी त्या दिवशी केबिनमध्ये बोलावून तो तक्ता नुसता हवेत हलवून दाखवला होता.

"मॅडम, पर्सनली घेऊ नका. पण कोणीतरी जून-जुलैचा सगळा डेटा ठेवलाय. नाव नाही, पत्र नाही, नुसता डेटा. तुम्ही म्हणालात, बुधवारी जोरदार. बुधवारी किती? दोन मिलिमीटर! गुरुवारी उघडीप म्हणालात. गुरुवारी चौसष्ट! लोक हसतायत."

"बघू द्या ना सर, मी तपासते."

"नाही मॅडम. तुमची कॉपी तुम्हीच तपासणार? पंधरा सप्टेंबरला तुमचं काँट्रॅक्ट संपतंय. कंपनीचं म्हणणं आहे, कॉम्प्युटरवाली अँकर आणू. ती सुट्टी घेत नाही, चुकली तरी कोणी तिच्या नावाचा तक्ता पाठवत नाही. तोपर्यंत तुमच्याकडे काही सॉलिड असेल तर आणा."

तो बुधवार कोरडा गेला होता? तिला तर बुधवारी पाऊस पडल्याचं आठवत होतं. की तो गुरुवार होता? जुलैतले वार कोणाच्या लक्षात राहतात! दहा दिवसांत तिचा स्वतःवरचाही विश्वास डळमळला होता. आणि आता ते अक्षर लिहिणारा माणूस समोर उभा राहून छत्री झटकत होता. याच्यामागे कोण आहे, दुसरं चॅनल की आपल्यातलंच कोणी, हे काढल्याशिवाय राहायचं नाही असं तिनं ठरवलं.

"सारसोळ्याला जवळा चांगला मिळतो म्हणे," ती सहज विचारल्यासारखं म्हणाली.

"आमच्या घरमालकीणबाई वाळवतात ना! पुढच्या रविवारी या. एक नंबर जवळा." मग थोडा थांबून, "म्हणजे... यायचं असेल तर."

ती गेली. हेरगिरीला चाललोय असं स्वतःला बजावत गेली, आणि तरी दोनदा कुर्ता बदलून गेली.

गोजरामावशींचं घर खाडीकडच्या गल्लीत होतं. खाली मावशी, वर भाड्याच्या खोलीत मास्तर. अंगणात निळी ताडपत्री पसरून मावशी आभाळाकडे डोळे बारीक करून पाहत होत्या. खाडीतला जवळा, बोटाच्या पेराएवढी ती कोळंबी, पावसाळ्यात वाळवायचा म्हणजे जुगारच. दोन तास ऊन मिळालं तर माल, सर आली तर कचरा.

"बस गो बाय," मावशी म्हणाल्या. "हा मास्तर सकाल धरून तीनदा दारात जाऊन बघून आला, कोन येनार हाय म्हनून."

चंद्रशेखर कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. नमितानं ताबडतोब नोंद केली की माणूस लाजण्याचं सोंगही बरं वठवतो.

त्या रविवारी आणि त्याच्या पुढच्या रविवारीही ते खाडीच्या कडेनं जेट्टीपर्यंत चालत गेले. संशय घेण्यासारख्या गोष्टी तिला पावलोपावली सापडल्या. रस्त्यात पाणी साचलं होतं तिथं तो आपणहून बाहेरच्या बाजूनं चालला. कशाला? तिच्यासाठी त्यानं दुसरी छत्री आणली होती. कशाला? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, ती काय करते, कुठं राहते, यातलं त्यानं एक अक्षरही विचारलं नाही. असा कुठं पुरुष असतो?

"तुम्हाला माझ्याबद्दल काहीच विचारावंसं वाटत नाही?" शेवटी तीच वैतागून म्हणाली.

"वाटतं की." तो चिखलात रुतलेल्या होडीकडे पाहत होता. "पण तुम्ही खोटं सांगाल... आणि मग मला ते खरं धरून चालावं लागेल."

ती चालताचालता थांबली. "मी कशाला खोटं सांगू?"

"असंच. मोघम बोललो."

"मास्तर लोक मोघम बोलत नाहीत."

"हवामानवाले बोलतात ना. तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम सरी..." तो हसला. "तुम्ही बघत नाही म्हणा बातम्या."

तिला हसू आलं आणि तिनं ते ओठ चावून परतवलं. हा माणूस आवडायला लागलाय, हे तिला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं, आणि तिला स्वतःचाच राग आला. पावसाच्या नोंदींच्या त्या रजिस्टरची पानं त्यानं दोनदा तिच्यापुढे उघडून ठेवली होती. पण नमिता आकडे वाचतच नव्हती. ती माणूस वाचत बसली होती.

चौदा सप्टेंबर उजाडला. काँट्रॅक्टचा शेवटचा रविवार. आज याला स्पष्ट विचारायचंच, असं ठरवून ती दुपारी चारला सारसोळ्याला पोचली. अंगणात जवळा पसरलेला होता, पश्चिमेला चक्क ऊन होतं. मावशी खुशीत होत्या. नमितानं सवयीनं मान वर केली. दक्षिणेकडच्या ढगाची कड, वाऱ्यानं बदललेली बाजू... आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, जवळा उचला. वीस मिनिटांत जोरदार सर येणार आहे."

आवाज टीव्हीवरचा होता. तसाच ठाम, तसाच सावकाश. मावशी हातातलं सूप घेऊन जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"आगो बाय! ही तं सातवीसची बाय हाय! मास्तर, ही तुजी टीवीवरची बाय हाय रं!"

"आधी जवळा उचला मावशी," चंद्रशेखर म्हणाला आणि ताडपत्रीचं टोक धरलं. तो जराही चकित झाला नव्हता. नमिताच्या नजरेतून ते सुटलं नाही.

तिघांनी मिळून माल पडवीत घेतला आणि अठराव्या मिनिटाला पाऊस कोसळला. मावशी चहा टाकायला आत गेल्या.

"तुम्हाला माहीत होतं," नमिता म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"झेरॉक्सच्या दुकानापासून."

"म्हणजे तीन आठवडे तुम्ही मला उन्नती उन्नती म्हणून बनवत होतात!"

"तुम्ही सांगितलेलं नाव घेत होतो. तुम्हाला लपायचं होतं... मी कशाला उघडं पाडू?"

"आणि चॅनलला निनावी तक्ते कोणी पाठवले?"

"मी."

इतक्या सरळ उत्तराची तिनं तयारीच केली नव्हती. तिचा आवाज चिरकला. "त्या तक्त्यापायी उद्या माझी नोकरी जातेय, माहितीये? सोळा वर्षं! कोणी करायला सांगितलं तुम्हाला? किती दिवसांपासून चाललंय हे?"

चंद्रशेखरचा चेहरा पांढराफटक पडला. "नोकरी? कशी काय? अहो, ते तर... ते कौतुक होतं."

"कौतुक! उघडीप म्हटल्यावर चौसष्ट मिलिमीटर, हे कौतुक?"

"कुठल्या दिवशी चौसष्ट?" तो गोंधळला. "तुमचे अंदाज दहापैकी आठ वेळा बरोबर येतात. मावशींना हेच पटवायला रजिस्टर सुरू केलं मी. एकदा माल भिजला तर टीव्हीला शिव्या घालत होत्या... मॅडम, उद्या सकाळी साडेआठला गच्चीवर या. माझं कुठं चुकलंय ते मला दिसत नाही. पण चुकलं असेल तर ते तुम्हालाच सापडेल."

तिनं चहा घेतला नाही. भर पावसात रिक्षा करून निघून गेली.

पण सकाळी सव्वाआठला ती शाळेच्या फाटकात हजर होती. रडूनरडून डोळे सुजलेले, चष्मा तोच. तळमजल्याच्या भिंतीवर माजी विद्यार्थ्यांचा फलक होता आणि त्यात दहावीतल्या नमिता भोईरचा फोटो होता. दोन वेण्या आणि हाच, असाच जाड भिंगांचा चष्मा.

"रोज इथून जातो मी," शेजारी येऊन उभा राहिलेला चंद्रशेखर हळूच म्हणाला. "टीव्हीवर तुम्ही चष्मा लावत नाही. पण मला तुम्ही आधी ह्याच चेहऱ्यानं माहीत होतात."

ती जिन्याकडे वळली. माणूस गोड बोलला म्हणजे खरं बोलला असं थोडंच असतं.

गच्चीवर बरोबर साडेआठला त्यानं पर्जन्यमापकाचं नरसाळं काढलं, आतलं पाणी मोजपात्रात ओतलं आणि डोळा पाण्याच्या रेषेला लावला. "एकतीस." मग रजिस्टर उघडून तारीख टाकली. पंधरा सप्टेंबर.

"थांबा," नमिता म्हणाली. "हा पाऊस कालचा आहे. काल दुपारचा. माझ्या डोळ्यांदेखत पडलाय."

"हो. पण मोजला आज साडेआठला, म्हणून आजच्या तारखेला." तो जरा बिचकला. "हवामान खात्याची हीच पद्धत आहे ना? काल साडेआठ ते आज साडेआठ, आणि नोंद आजची."

"आणि माझा अंदाज?"

"तो ज्या दिवसासाठी असेल, त्या तारखेपुढे. मी वाचताना पाऊस एक ओळ खाली वाचतो. बुधवारचा अंदाज, गुरुवारचा आकडा. सगळेच तसं..."

तो बोलायचा थांबला. तिच्याकडे पाहत राहिला. आणि मग हळूहळू त्याच्याही लक्षात आलं की सगळे तसं वाचत नाहीत. केबिनमधला कुलदीप तर मुळीच नाही.

नमिता गच्चीच्या कठड्यावर बसली. ही गोष्ट तिला झोपेतून उठवून विचारली असती तरी तिनं सांगितली असती. सोळा वर्षं ती रोज साडेआठचे आकडे वाचत होती! ते पान समोर आल्यावर दहा सेकंद शांतपणे पाहिलं असतं तरी पुरलं असतं. पण तिला कट शोधायचा होता, तारीख नाही. तिला आधी हसू फुटलं आणि मग भरून आलं.

तिथंच बसून तिनं पेन्सिलीनं तिरक्या रेघा मारत जून आणि जुलै पुन्हा जुळवले. एकसष्टपैकी बावन्न दिवस बरोबर.

"पत्र का नाही जोडलंत सोबत?" तिनं विचारलं. "निदान नाव?"

"सहा पत्रं लिहिली. प्रत्येकात शेवटी एकच गोष्ट यायला लागली." तो मोजपात्र पुसत राहिला, पुसून झालं तरी. "ती चॅनलच्या पत्त्यावर पाठवण्यासारखी नव्हती. म्हणून मग नुसता तक्ता पाठवला."

"कुठली गोष्ट?"

"आज तुमची नोकरी बघू. मी हाफ डे टाकतो."

महापेच्या स्टुडिओत कुलदीप सरांना ओळ खाली सरकवायला पाच मिनिटं लागली आणि समजायला आणखी पाच. शेवटी ते खुर्चीत मागे रेलले.

"ओके. इंटरेस्टिंग. पण मॅडम, हे तुम्ही सांगताय. मला लागतो न्यूट्रल माणूस." ते चंद्रशेखरकडे वळले. "सर, एकच प्रश्न. फाइलला लावायचाय. तुमचा आणि मॅडमचा काही संबंध? नातं, मैत्री, एनीथिंग? नाही म्हणा, तुमचा डेटा थर्ड पार्टी म्हणून लावतो, आणि मी आत्ता सही करतो."

एकच शब्द हवा होता. नमितानं चंद्रशेखरकडे पाहिलं. तीन आठवडे जो तोंडातून अक्षर न काढता हसत होता, त्याला एक 'नाही' म्हणणं काय जड आहे? म्हणेल. म्हणायलाच हवं. आणि तरी त्यानं ते म्हणू नये असं तिला का वाटत होतं, ते तिला समजेना.

"आहे," चंद्रशेखर म्हणाला.

"काय?"

"संबंध आहे. माझ्या बाजूनं. मॅडमना आत्ताच कळतंय." त्याचे हात रजिस्टरवर घट्ट दाबलेले होते. "सात वर्षं बुलेटिन बघतोय मी यांचं. आधी मावशींच्या जवळ्यासाठी बघायचो. आता... जवळा नसला तरी बघतो. रजिस्टरमध्ये मी खोटं लिहिलं नाही सर, म्हणून इथंही लिहिता येत नाही."

कुलदीप सरांनी तक्ता सरळ परत सरकवला.

"मग हा कागद माझ्या काही कामाचा नाही. सॉरी."

गेली नोकरी. नमिताला ते लख्ख दिसलं. रागानं तिचे कान तापले, आणि त्या रागाच्या आत कुठंतरी इतका आनंद होता की तिला उभं राहावंच लागलं.

"नाही ना कामाचा? ठेवा बाजूला," ती म्हणाली. "महापालिकेकडून नेरूळचे आकडे मागवा. तेही साडेआठलाच मोजतात. माझे अंदाज तुमच्या सर्व्हरवर आहेत. तुमच्याच माणसाकडून जुळवून घ्या, आम्ही दोघं हात लावत नाही. पाऊस फक्त एक ओळ खाली वाचायला सांगा." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "आणि सर, त्या फाइलमध्ये संबंध आहे असं लिहा. दोन्ही बाजूंनी."

बाहेरच्या सोफ्यावर दोघं शेजारी बसले. दीड तास झाला. समोरच्या पडद्यावर आवाज बंद करून बातम्या चालू होत्या. चंद्रशेखर मधूनच तिच्याकडे पाहायचा आणि तिनं पाहिलं की बातम्यांकडे.

"मी 'नाही' म्हणालो असतो, तर एव्हाना सही झाली असती," तो शेवटी पुटपुटला.

"झाली असती."

"चिडलात?"

"खूप." तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसला. "पण तुम्ही 'नाही' म्हणाला असतात ना, तर सही घेऊन मी घरी गेले असते आणि तुम्हाला परत कधीही भेटले नसते."

त्यानं नुसता हात सोफ्यावर मधोमध ठेवला, आणि तिनं बराच वेळ त्या हाताकडे पाहून त्यावर आपला हात ठेवला.

केबिनचं दार उघडलं. "मॅडम," कुलदीप सरांच्या हातात दोन प्रिंटआउट होते आणि चेहऱ्यावर थोडी खजील कळा. "महापालिकेच्या आकड्यांनी पन्नास येतात. एकसष्टपैकी पन्नास. या, दोन वर्षांचं काँट्रॅक्ट करून टाकू."

नमिता उठली. दोन पावलं गेली, थांबली, परत आली. जी बाई लिफ्टमध्येसुद्धा पर्सची चेन दोनदा चाचपून बघायची, तिनं पर्स, फोन, घराच्या किल्ल्या सगळं चंद्रशेखरच्या मांडीवर ठेवलं.

"हे धरा जरा," ती म्हणाली आणि मागं वळून न पाहता आत गेली.